माझ्या ड्युटीवर गेलेला पाय

२०२३ साल. मी बहात्तर वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंतच झाली, म्हणून हळू लिहितो, पण दुसऱ्याच्या हातून लिहून घेत नाही.

वणीच्या बाहेर खाणीची कॉलनी आहे. तिथल्या आमच्या फुटबॉल क्लबला पन्नास वर्षं होत होती, म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. इतिहास लिहायचं काम एका मास्तरकडे दिलं. माणूस चांगला, पण आमच्या कितीतरी नंतर खेळलेला. त्याच्या लेखी इतिहास म्हणजे कप आणि फोटो.

बाभळी तोडून मैदान आम्ही केलं. खाणीत छताला लावतात ते लाकडी टेकू आणून गोलाचे खांब उभे केले. हे मास्तरनं लिहिलं. क्लब चालला कशावर, हे मात्र लिहिलं नाही. खाण तीन पाळ्यांत चालायची, अकरा माणसं एका वेळी मोकळी मिळायची नाहीत. मग ज्याची मॅच असेल त्याच्या ड्युटीवर दुसऱ्यानं उतरायचं. हजेरीबाबू फुटबॉलचा वेडा. खाली जाणारा माणूस एक असला तरी तो रजिस्टरात दुसऱ्याचंच नाव लावायचा. साहेबांनाही माहीत होतं. त्यात काही वाईट आहे असं कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

चाळीस वर्षांमागं चंद्रपूरच्या टीमसोबत आमची फायनल होती. मी गोली, आणि माझी नेमकी पहिली पाळी. डाव्या बाजूनं खेळणारा माझा दोस्त घोटा सुजल्यामुळं बाहेर बसलेला. मी त्याला म्हटलं, "माया ड्युटीवर तू उतर."

"पाय टेकत नाही रे. खाली काय करू?"

"बसल्या जागेचं काम आहे. कायले नखरे करतं?"

तो उतरला.

हाफ टाइमला एक जण सायकल मारत मैदानात आला. मला पाहून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"काहून बे, तू इथं?"

"मंग कुठं राहू?"

"तिथं तुया पाय कोळशाच्या डब्याखाली गेला म्हणून राह्यले! दवाखान्यात नेलं तुले!"

सगळी टीम हसली. कोणी म्हणालं, "बिनपायाचा गोली, मंग तं आपण हरलोच." मी हसलो नाही. तो सुजल्या घोट्यानं उतरला होता. रुळांवरचा कोळशाचा डबा सुटला तेव्हा बाकीचे बाजूला पळाले असतील आणि त्याला पळता आलं नसेल, हे मला पाण्याचा घोट घेता घेता कळलं. कॅप्टनलाही कळलं. तो हळूच म्हणाला, "जातं का?"

मी म्हटलं, "मॅच झाल्यावर."

आणि परत खांबांमध्ये जाऊन उभा राहिलो. शेवटी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली, ती मी अडवली. आम्ही जिंकलो. लोकांनी मला खांद्यावर घेऊन कॉलनीभर फिरवलं. दवाखान्यात मी अंधार पडल्यावर गेलो, तोवर पाय कापून झाला होता.

तिसऱ्या दिवशी हजेरीबाबू कागद घेऊन आला. माझ्या नावापुढं मागच्या तारखेची रजा लावली होती. दोस्ताबद्दल लिहिलं होतं की ड्युटी नसताना तो दारू पिऊन खाणीत शिरला, आणि पिताना मी पाहिलं. बाबू म्हणाला, "सही कर. नाही तं तू, मी, दोघंबी घरी बसू. त्याचा पाय तं काही येत नाही."

सही मला चांगली येते. केली.

त्याची नोकरी गेली. अख्ख्या कॉलनीनं त्या दिवशी मला गोलात पाहिलं होतं. माझी पाळी कोणी केली, हे एकानंही विचारलं नाही.

पुढं कुबडीवर टेकून मैदानाच्या चुन्याच्या रेघा तोच मारत राहिला. आम्ही बोलायचो ते बॉलचं, पावसाचं. त्या कागदाचं कधी नाही. मी चहाच्या टपरीवर पेनल्टी सांगत चाळीस वर्षं काढली, आणि ऐकणारे मिळत गेले.

तर मास्तरनं क्लबच्या खोलीत आपलं लिखाण वाचून दाखवलं. संध्याकाळची वेळ. माझ्यावर पूर्ण एक पान, फोटोसकट. मग दोस्तावर एक ओळ: "हा गुणी खेळाडू दारूच्या व्यसनापायी पाय गमावून बसला." तो दाराजवळच्या खुर्चीवर होता. त्यानं कुबडी घेतली आणि निघून गेला.

मास्तर घाबरला. "काका, काही चुकलं का?"

"मस्त लिहिलं," मी म्हणालो.

पण पाय घराकडं वळेनात. मी त्याच्याकडं गेलो. त्याच्या बायकोनं मला पाहून चहाचं भांडं चुलीवरून उतरवून ठेवलं.

"या, पेनल्टीवाले भाऊजी," ती म्हणाली. "आता छापूनच टाका. सासऱ्यांनी दीक्षा घेतली तवापासून या घरात थेंब नाही आला, अन् मी दारुड्याची बायको म्हणून म्हातारी झाली."

दोस्त तिला म्हणाला, "राहू दे." मग माझ्याकडं न बघता बोलला, "दर रविवारी विहारात पाचवं शील म्हणतो, दारू पिणार नाही म्हणून. मागच्या रांगेत कोणीतरी हसते. चाळीस वर्षं झाली. नोकरी नाही मागत तुले. हसणं बंद कर."

मला राग आला. खोटं कशाला सांगू? मी म्हटलं, "मंग माया पेनल्टीचं काय? लोकं म्हणतीन, दोस्ताचा पाय तुटला अन् हा खेळत राह्यला."

"राह्यलाच ना तू."

मी उठून घरी आलो. बायकोला म्हटलं भूक नाही. चाळीस वर्षं तोंडपाठ असलेली माझी पेनल्टीची गोष्ट, पहिल्यांदा मला त्यातली एकही ओळ आठवेना.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी आंघोळ केली, पांढरा सदरा घातला आणि विहारात गेलो. आमच्या घरचं कोणी तिथं कधी गेलं नव्हतं. मागच्या रांगेत बसलो. वंदना सुरू झाली. पाचवं शील आलं तेव्हा माझ्या बाजूचे दोघं एकमेकांकडं पाहून खरंच हसले. मी गुडघ्यावर हात देऊन उभा राहिलो. वंदना थांबली. मी सांगितलं की तो पिऊन नव्हता, तो माझ्या ड्युटीवर होता, मला हाफ टाइमला कळलं होतं, आणि कागदावर सही माझी आहे. मास्तरही तिथंच बसला होता. त्याला म्हटलं, हेच छाप.

दोस्तानं मान वळवली नाही. वंदना सांगणाऱ्या पुढच्या माणसानं पाचवं शील परत पहिल्यापासून म्हणायला घेतलं, आणि त्यात दोस्ताचा आवाज मला वेगळा ऐकू आला. मी संपेपर्यंत उभाच राहिलो.