काही निघालं तर येऊन सांगू

एका शोधनिबंधाच्या शेवटी, आभारांच्या ओळींत, माझं आडनाव चुकीचं छापलंय. त्याचा मला राग नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे आणि इतक्या वर्षांत तो ओसरलेला नाही. ओसरू नये अशीच माझी इच्छा आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बी.एस्सी. करून मी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत टेक्निशियन म्हणून लागले होते. गिरगावातली खोली सोडून आम्ही नुकतेच मीरा रोडला, सिल्व्हर पार्कजवळ राहायला आलो होतो. आमच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत, आनुवंशिकतेवर काम करायचे. त्यांना पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहिलेला, आपापसात सोयरिकी करणारा समाज हवा होता. भाईंदर पश्चिमेला, मोरव्याच्या पलीकडे, मिठागरांच्या कडेला तसा एक पाडा सापडला. ‘तू तिकडचीच ना,’ म्हणून सरांनी मला पुढं केलं. तिकडची! मला येऊन आठ महिने झाले होते आणि आमच्या इमारतीत पाणी किती वाजता येतं तेही अजून धड कळलेलं नव्हतं.

आम्ही शोधत होतो रक्तातली एक उणीव. तांबड्या पेशींना सांभाळणारं एक द्रव्य असतं, त्याला आम्ही जी-सिक्स-पीडी म्हणायचो. काही माणसांत ते जन्मतःच कमी असतं. ही उणीव आईकडून येते, पण भोगावी लागते बहुधा मुलग्यांना. एरवी अशा माणसाला काहीही होत नाही. तो मीठ ओढतो, नाव वल्हवतो, म्हातारा होतो. फक्त काही ठरावीक औषधं त्याच्या पोटात गेली, की त्याचं रक्त आतल्या आत फुटायला लागतं. त्या औषधांत मलेरियाची एक गोळीही होती. हे आम्हाला तेव्हाही माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं आणि मी ते वहीत उतरवून घेतलं होतं.

पाड्यावर जाण्याआधी आम्हाला दोन दिवसांचं शिक्षण मिळालं. मानसशास्त्राच्या एक बाई आल्या होत्या. खुर्ची दिली तरी जमिनीवर बसा. चहा नाकारू नका. आधी मुलाबाळांची चौकशी करा, रक्ताचं नंतर काढा. ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ म्हणू नका, ‘आपण’ म्हणा. आमच्या फॉर्मवर ‘विश्वास संपादन’ असा एक रकानाच होता, त्यात बरोबरची खूण करायची. मी ती खूण अगदी मनापासून केली. आज तो रकाना आठवला तरी अंगाची लाही होते.

ज्यांच्या नावापुढे मी पहिली खूण केली त्या काकी. पन्नाशीच्या, नवरा वारलेला, एक मुलगा मिठागरावर. त्यांच्या ओट्यावर आम्ही मांडामांड केली. सुया, नळ्या, बर्फ भरलेला थर्मास. पहिल्या दिवशी कोणीही हात पुढं करेना. मग काकी म्हणाल्या, “माजा घे आदी. म्हातारीचा रगत घट हाय का बग.” सगळे हसले आणि रांग लागली.

पण काकींचं खरं काम वेगळंच होतं. आम्हाला प्रत्येकाची वंशावळ हवी होती, तीही आईच्या बाजूची. पुरुषांना आजोबा-पणजोबा पाठ होते, पण आजीचं माहेर विचारलं की ते डोकं खाजवायचे. काकींना सगळं येत होतं. कोळंबी सोलता सोलता त्या सांगायच्या आणि मी कागदावर बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन काढत जायचे. कोणाची नणंद कुठं दिली, कोणाची मावशी परत याच पाड्यात सून म्हणून आली, कोणाची दोन मुलं लहानपणी गेली. सहा पिढ्या! एक अक्षर लिहिता-वाचता येत नसलेल्या बाईनं. निबंधात त्यांचा उल्लेख ‘स्थानिक माहितीदार’ असा आहे.

शेवटच्या दिवशी काकींच्या मुलानं विचारलं. विशी-बाविशीचा, अबोल पोरगा. “ताई, ह्येचा रिपोट मिलंल ना आमाला?”

“काही निघालं तर मी स्वतः येऊन सांगेन,” मी म्हणाले.

हे कोणी मला शिकवलं नव्हतं. बाईंच्या यादीत नव्हतं, फॉर्मवर नव्हतं. माझ्या तोंडून आपसूक गेलं, आणि खरं सांगते, मला ते करायचंही होतं.

प्रयोगशाळेत आम्ही प्रत्येक नळीत निळं रंगद्रव्य घालून वाट बघायचो. रक्त ठीक असेल तर निळा रंग काही वेळानं उतरतो. उणीव असेल तर तो उतरत नाही. नऊ नळ्यांमध्ये तो तसाच राहिला. त्यातली एक काकींच्या मुलाची होती. सर भलतेच खूश झाले. विभागात पेढे वाटले. मी वंशावळीच्या तक्त्यावर नऊ चौकोन काळ्या शाईनं भरले आणि सरांना विचारलं, “यांना कधी कळवायचं?”

सरांनी चष्म्यावरून बघितलं. “कळवायचं काय? आजार आहे का तो? ठणठणीत माणसं आहेत. उगाच घाबरवून ठेवायचं, पोरांची लग्नं मोडायची. आणि नावं गुप्त ठेवायची असतात, हे ठाऊक आहे ना? आपण संशोधन करतो, दवाखाना नाही चालवत.”

“पण त्यांच्यापासूनच गुप्त?”

सर हसले. “शेजारच्या संस्थेतल्या फिजिक्सवाल्यांचा हेवा वाटतो बघ मला. कणांवर काम करतात. कण कधी रिपोर्ट मागायला येत नाहीत. आपलं नशीब फुटकं, आपल्याला माणसं लागतात.”

खोलीतले सगळे हसले. मीही हसले. हे मी लपवणार नाही. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती आणि कायम करणारी सही सरांची होती. ही काही सबब नाही, पण कारण हेच होतं.

मी राहत होते तिथून पाडा रिक्षानं वीस मिनिटांवर. जायला कोणी अडवलं असतं? आणि जायचीही गरज नव्हती, कारण काकीच माझ्याकडे यायच्या. आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर त्या खाडीचं म्हावरं घेऊन बसू लागल्या होत्या. मी दर रविवारी त्यांच्याकडून बोईट घ्यायचे. आसपासच्या बायका ‘मावशी, कैसा दिया’ करत घासाघीस करायच्या, आणि काकी मला मात्र दोन मासे जास्तीचे टाकायच्या. सुरुवातीला त्या विचारायच्या, “काय गं, रिपोट आला का?”

“अजून नाही, काकी.”

अजून नाही! निबंध छापून आला, सर त्यावर बोलायला परदेशात जाऊन आले, मी कायम झाले, आणि मी फुटपाथवर उकिडवी बसून, माशाचे कल्ले बघत, ‘अजून नाही’ म्हणत होते. पुढं काकींनी विचारणं सोडून दिलं. एकदा त्या आपणहून म्हणाल्या, “आला न्हाय म्हंजे बराच हाय सगला. वायट असता तर तू धावत आली असतीस.” मी पिशवी उचलून घरी आले. तो मासा मला गेला नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. पण गेला. चवीनं खाल्ला.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मीरा रोडला जिकडेतिकडे इमारती उठत होत्या. प्रत्येक अर्धवट इमारतीच्या तळघरात पाणी साचलेलं, आणि त्या पाण्यात डास. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तर घरटी एक माणूस मलेरियानं आडवा होता. आमच्याकडे माझे वडील पडले. डॉक्टरांनी त्यांना चौदा दिवसांची गोळी दिली, प्रायमाक्वीन. वेष्टनावरचं नाव मी वाचलं. सरांच्या फळ्यावरचं तेच नाव. मी गोळी वडिलांच्या हातावर ठेवली, पाण्याचा पेला दिला आणि ऑफिसला गेले. नऊ चौकोन माझ्या मनात आलेसुद्धा नाहीत. माझ्यावर मला सगळ्यात जास्त संताप येतो तो त्या सकाळचा.

त्यानंतर महिन्याभरातच एका रविवारी काकी जागेवर नव्हत्या. पुढच्या बुधवारी सकाळी दिसल्या, पण पाटी अर्धीच भरलेली. मी विचारलं तर म्हणाल्या, “पोराला मलेरिया झाला गं. ताप उतरलाय, पन अंगान ताकद न्हाय. डोले पिवले झालेत. मूत तर कालाभोर, चायसारका. कावील हाय बोलतान, झाडपाल्याचा औशद देतंय.”

“आणि डॉक्टरच्या गोळ्या?”

“त्या बी चालू हायत. आज पाचवा दीस. एक बी चुकवली न्हाय.”

मी काय ओरडले ते मला नीट आठवत नाही. पाटी तिथंच टाकून आम्ही रिक्षात बसलो. वाटेत काकी मला समजावत होत्या की डॉक्टर चांगला आहे, त्यानं आधी सगळं विचारलं होतं. रक्ताची कधी तपासणी झालीय का, काही दोष सांगितलाय का, हेसुद्धा. आणि त्यांचा मुलगा ऐटीत म्हणाला होता, “मुंबईच्या मोट्या लोकांनी तपासलाय. दोष असता तर आमची ताई येऊन सांगून गेली असती.”

त्या डॉक्टरनं विचारलं होतं! त्याचं काम त्यानं केलं होतं. आम्ही रक्त काढलंच नसतं तर त्या पोरानं ‘नाही’ म्हटलं असतं, आणि डॉक्टर कदाचित थांबला असता. आमच्या संशोधनानं त्या पाड्याला एकच गोष्ट दिली होती, आपण तपासलेले आहोत ही खात्री. ती खोटी होती आणि ती मी दिली होती.

मुलगा खाटेवर पडला होता. बोलताना धाप लागत होती. डोळ्यांतला पिवळेपणा दारातूनच दिसत होता. मी गोळ्यांचं पाकीट खिशात घातलं, कोणाचा तरी टेम्पो मिळवला आणि आम्ही मुंबईच्या हॉस्पिटलकडे निघालो. काशीमीऱ्याला ट्रकांच्या रांगेत अडकलो. पाऊण तास. टेम्पोत ते पोरगं माझीच समजूत घालत होतं, “ताई, तू नको टेन्शन घेऊ.” मी ड्रायव्हरवर खेकसत होते, ट्रकवाल्यांना शिव्या देत होते. शिव्या द्यायच्या होत्या त्या माणसांपैकी एक मुंबईत वातानुकूलित खोलीत बसला होता आणि दुसरी टेम्पोत त्या पोराचं डोकं धरून बसली होती.

तो वाचला. रक्त चढवावं लागलं, काही दिवस मूत्रपिंडाची चिंता होती, पण वाचला. पहिल्याच दिवशी मी तिथल्या डॉक्टरांना त्याच्या रक्तातली उणीव सांगितली. त्यांनी विचारलं, “तुम्हाला कसं माहीत?” मी संस्थेचं नाव सांगितलं. 

सरांना मी त्यांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. आवाज चढलेला होता, बाहेर शिपायानंही ऐकलं. सर शांतपणे म्हणाले, “वाईट झालं. पण आपण नियमाबाहेर काही केलेलं नाही.” मग जरा थांबून म्हणाले, “केस म्हणून लिहून ठेव. उपयोगी पडेल.” माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या क्षणी टेबलावरचा पेपरवेट मी उचलला होता, हे मी पहिल्यांदाच कुठं तरी लिहितेय. परत ठेवला आणि बाहेर आले.

मुलगा घरी आल्यावर आठवड्यानं काकी आमच्या घरी आल्या. पहिल्यांदाच. सोबत सुक्या बोंबलांची जुडी. माझ्या आईला म्हणाल्या, “तुजी पोर देवासारकी धावून आली. न्हायतर माजा पोर हाती लागता ना.” आईनं कौतुकानं माझ्याकडे बघितलं. मला ते सोसेना.

“काकी,” मी म्हणाले, “मला माहीत होतं. रक्त काढलं तेव्हाच कळलं होतं. सहा वर्षं माहीत होतं.”

आई स्वयंपाकघराच्या दारात थबकली.  काकी रडतील, शिव्या घालतील, उठून जातील, मला वाटलं. यातलं काहीही झालं असतं तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं. पण त्यांनी विचारलं, “आजून कोन कोन हाय?”

मी सांगायला लागले. तळ्याकडच्या घरातला मधला भाऊ. काकींच्या नणंदेचा थोरला. विहिरीजवळच्या म्हातारबाबांचा नातू. त्यांच्या सुनेचा भाऊ. काकी प्रत्येक वेळी मान हलवून एकेक बोट मिटत होत्या. देवळामागच्या घरातल्या मावशीच्या लेकीचा मुलगा, मी म्हणाले, आणि काकींचं बोट मिटायचं थांबलं.

“तो ग्येला,” त्या म्हणाल्या. “गेल्या पावसाल्यान. असाच ताप आलेला, मंग कावील झाली.”

मी तोंड उघडलं, पण त्यांनी हातानं मला गप्प केलं. “बाकीचे सांग,” त्या म्हणाल्या. “बिगी बिगी सांग.”