उंदीरमामांची तक्रार

उंदीरमामांना मी आवडत नव्हते, आणि मलाही ते डोळ्यांसमोर नको असत. आमच्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. अंगातला कोट धुवायला देत नसत. साबणाच्या वासानं उंदीर बिचकतात म्हणे. पिंजऱ्यांच्या खोलीत शिरताना दाराशी आधी दोनदा खाकरत. आणि माझ्याकडे असं बघत, जणू मी मांजरच.

प्रयोग आमच्या मॅडमचा. उंदराला तासभर अरुंद नळीत ठेवलं की त्याच्या रक्तात ताणाचं हार्मोन वाढतं. बाहेर काढल्यावर ते उतरतं कधी, हे बघायचं. शेपटीतून थेंबभर रक्त घेण्याचं काम माझं. तरुण उंदीर तासाभरात निवत. म्हाताऱ्यांचा आकडा तीन तासांनीही चढलेलाच.

"मधल्या वेळेत ही पोरगी आत जाऊन त्यांना छळते," असं मामांनी चक्क संचालकांना लेखी दिलं. मी तात्पुरती. तक्रार खरी ठरली तर शुक्रवारी माझी गच्छंती ठरलेली. घरात कमावणारी मी एकटी.

मॅडमनी मामांना परोपरीनं समजावलं. मेंदूच्या एका भागातल्या पेशी हे हार्मोन धरून घेतात आणि 'पुरे आता' असा निरोप धाडतात. धरून घेणाऱ्या त्या जागा म्हणजे रिसेप्टर. वय झालं की ते कमी होतात. निरोप उशिरा जातो, हार्मोन रक्तात रेंगाळतं, आणि त्याच्या माऱ्यानं त्याच पेशी आणखी झिजतात.

"म्हातारपणाच्या नावावर काहीही खपवा," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दारासमोर हातमोज्यांची पावडर भुरभुरवली. दुपारी तिच्यावर पावलं उमटलेली दिसली. मामांनी सगळ्यांना गोळा केलं. पावलं त्यांच्याच चपलांची निघाली. पावडर जागेवर आहे ना, हे बघायला स्वारी स्वतःच दोनदा गेली होती. सगळे पोट धरून हसले. मला हसू येईना. असला माणूस माझ्या पोटावर पाय देणार होता.

शेवटी मॅडमनी तोड काढली. गुरुवारी तीन तास खोली बंद राहील, मामा दाराबाहेर खुर्ची टाकून बसतील, आणि आत कोण गेलं ते तेच सांगतील. मी कपाळावर हात मारला. कारण आकडे खरे ठरले तर पुढच्या आठवड्यात त्या म्हाताऱ्या उंदरांचे मेंदू काढून पेशी मोजायच्या होत्या. खोटे ठरले तर प्रयोगच बंद. आता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मामांना उंदीर वाचवायचे होते, आणि त्यासाठी माझा बळी चालणार होता.

गुरुवारी सकाळी ते माझ्यावर उगाचच डाफरले, मग खुर्चीत बसले. समोरच्या खोलीत बाटल्या धुता धुता मी काचेतून त्यांच्यावर नजर ठेवून होते. तेही माझ्यावर. तीन तासांनी रक्त घेतलं, तपासणी झाली. म्हाताऱ्यांचा आकडा चढलेलाच होता.

"आत कोणी गेलं होतं?" संचालकांनी विचारलं.

मामांनी आधी माझ्याकडे, मग स्वतःच्या हातांकडे बघितलं. सकाळी माझ्यावर डाफरताना त्यांना सुटलेली थरथर अजून थांबली नव्हती.

"कुणी नाही. मी जागचा हललोच नाही," ते म्हणाले. "तक्रार फाडून टाका."

माझ्या जिवात जीव आला. त्यांच्याविषयी काय काय मनात आणलं होतं, ते आठवून लाजही वाटली. संचालक गेल्यावर मी आभार मानायला गेले.

"ते राहू दे. मेंदू काढायच्या आधी त्यांना नीट झोपवशील ना? घाबरवू नकोस. घाबरले की लवकर निवत नाहीत गं ते आता."

मी हो म्हणाले. त्यांनी खिशातून कागद काढला आणि तेवढं लिहून मागितलं.