अंगाला लागेपर्यंत

वामनमाम कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात जात. ओळख ना पाळख, दारात चपला काढायच्या, "घरात कोण आसा गो?" असं विचारायचं आणि उत्तर यायच्या आत चुलीपाशी जाऊन टोपावरचं झाकण उचलायचं. वास घेत, डावाने तळ ढवळून बघत आणि मगच आजारी माणसाकडे वळत. परका पुरुष असा थेट चुलीजवळ आलेला आमच्या मुळगावात कुणाला खपणार? बायका चिडत. ते शांतपणे म्हणत, "बाय, डॉक्टर नाडी बघता, मी टोप बघतंय. माका तेतूर जास्त कळता."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते अंथरुणावरून. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. हळर्णचं सासर सुटलं आणि मी मुळगावला भावाकडे परत आले. एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. क्षयाची तपासणी झाली, तो निघाला नाही. पण वजन चौतीस किलोवर आलं होतं आणि अजून खालीच जात होतं. गोळ्या जिथून मिळत त्या सरकारी केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी आपलं काम करील, पण अंगात काहीच नसेल तर तिला साथ कोण देणार? आमचा एक माणूस घरी पाठवू का? चालेल?" मी मान हलवली. नाही म्हणायलाही ताकद लागते.

आला तो पन्नाशीचा, पोट सुटलेला गृहस्थ. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत वजनाचा काटा. या माणसाला माझ्यासारखाच आजार आहे हे मला खरं वाटेना. ते पेडण्याकडचे. म्हापशातल्या एका खानावळीत त्यांनी वीस वर्षं आचारी म्हणून काढली होती. आजार कळल्यावर मालकाने हात जोडले आणि घरी बसायला सांगितलं. "मालक वायट नव्हतो," ते म्हणत. "पण वीस वर्सां माझ्या हातची कढी खाल्ल्यान, आणि एका कागदान तेका ती विखासारखी दिसली." मग ते स्वतः हाडांचा सापळा झाले. "एक दिस म्हटलंय, ह्या हातांनी शेकड्यांनी माणसांक वाढलंय. आता स्वतःक वाढवून बघूया." गोळ्या घेत, स्वतःला वाढत ते उठले, आणि अंगात बळ आल्यावर केंद्रात जाऊन म्हणाले, माझ्यासारखे कोण आहेत त्यांची घरं दाखवा.

पहिल्या दिवशी त्यांनी मूग घालून पेज केली आणि वाटी घेऊन जमिनीवर बसले. मी भिंतीकडे तोंड केलं. "भूक नाही."

गेले दोन महिने घरातल्या सगळ्यांनी हे उत्तर मान्य केलं होतं. वामनमामांनी केलं नाही. पेज निवली, ऊन अंगणात उतरलं, तरी ते तिथेच. मग हळूच म्हणाले, "भूक नाय, की गिळूक जमणा नाय?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी रडायलाच लागले. त्यांनी खिडकी उघडली आणि मला उजेडाकडे वळवलं. "तोंड उघड बघू." जिभेपासून घशापर्यंत पांढरा थर होता. घोट घेतला तरी आत आग होई. ती घाण आहे, कुणाला दाखवायची नाही, असं मनात धरून मी डॉक्टरीणबाईंपासूनही ती लपवली होती.

"अगो, ह्याका औषध आसा!" वामनमाम ओरडलेच. "औषध आसताना तू उपाशी मरतंस?"

दुसऱ्या दिवशी दादाने रिक्षा आणली आणि वामनमाम मला केंद्रात घेऊन गेले. आठ-दहा दिवसांत घसा मोकळा झाला. मग त्यांनी माझा ताबाच घेतला. निवलेली पेज, नारळाचा रस घातलेलं तिझण, म्हणजे नाचणीची पातळ खीर, गळगळीत शिजवलेली डाळ, अंडं, आणि तोंड बरं झाल्यावर तारले मासे. ताट भरून समोर आलं की मला धडकी भरे, म्हणून त्यांनी ताटच काढून घेतलं. "पाच घास. मोजून पाच. मगे दोन तासांनी आणखी पाच. डोंगर कोण एका दमात चडता काय?" केंद्रातून मिळालेली पौष्टिक पिठाची पाकिटं मी कपाटात लपवून ठेवली होती, शेजारणींनी विचारलं तर काय सांगायचं म्हणून. ते रागावले नाहीत. पाकीट फोडून त्यांनी पीठ आमच्याच डब्यात ओतलं आणि तिझणात ढवळलं. "आता ह्या कोणाचा? तुमच्या घरचा."

अन्नाने सगळं बरं होतं असं मात्र त्यांनी कधी म्हटलं नाही. कारापूरच्या एका बाईने वजन वाढलं म्हणून गोळ्या सोडल्या, तेव्हा ते तिच्या दारात जाऊन भांडले होते. "पेज ती पेज आणि गोळी ती गोळी. एकान दुसऱ्याचा काम करूचा नाय!"

आमच्या घरात माझा टोप वेगळा होता. चुलीच्या कडेला एक लहान टोप, आणि माझं ताट खिडकीबाहेर फळीवर. वामनमामांनी ते पहिल्याच दिवशी पाहिलं असणार. बोलले तिसऱ्या आठवड्यात. दोन्ही टोपांतली पेज वाट्यांत घेतली, दोन्ही खाल्ल्या आणि वहिनीला म्हणाले, "वैनी, तांदूळ एकच, मीठ एकच. टोप दोन कित्या?"

वहिनीने पडवीतल्या मुलांकडे पाहिलं आणि एकदम बोलली, "माझी भुरगी आसत. माका भंय दिसता. तुमी सगळे सांगतास काय होणा नाय म्हणून. झाला तर?"

मला वाटलं, आता हे तिला झापणार. पण ते चुलीसमोर पाटावर बसले. "भंय दिसता ता खरा. माका पण दिसलेला, माझ्या भुरग्यांचा. फुडल्या वेळेक हिच्या वांगडा तू ये. डॉक्टरणीक एकटी भेट. जा मनात आसा ता सगळा विचार."

वहिनी आली. आत अर्धा तास होती. परतताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिली. त्या संध्याकाळी माझी पेज मोठ्या टोपातून आली, सगळ्यांसारख्याच ताटात. वहिनी समोर बसली आणि म्हणाली, "मीठ बरोबर पडलाय काय बघ गो." मी खाल्लं. चव कळली नाही, डोळे भरले होते.

वजन सरळ वाढलं असं नाही. सदतीस झालं आणि तापाच्या एका दुखण्याने पुन्हा पस्तीसवर आलं. मी काटा पायाने ढकलून दिला. वामनमामांनी तो उचलला, सदऱ्याने पुसला आणि पुन्हा माझ्यासमोर ठेवला. "तो खरा बोलता म्हणून तेच्यावर राग? चड." वर्षभराने मी त्रेचाळीस किलोंची झाले आणि शिवणाच्या मशीनवर बसले.

चार वर्षांनी दादाच्या मुलीचा साखरपुडा ठरला. घरातच चाळीसेक माणसं जेवणार होती. वहिनी म्हणाली, "रांधूक वामनमामांक सांगूया."

तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. खानावळ सुटल्यापासून त्यांनी पंगतीसाठी रांधलं नव्हतं. "नको गो वैनी. माझा कोणाक कळला तर पोरीचा लगीन मोडात."

"नणंदेचा मी व्याह्यांक सांगलंय," वहिनी म्हणाली. "तिनाच सांगूक लायला. ती माणसा म्हणाली, तेतूर काय? तुमचा तुमी ठरवा. पण ह्या घरात आज दोघां नणंद-भावजय एका टोपातला जेवतत ती तुमच्यामुळे. दुसरो आचारी माका नको."

वामनमामांनी खांद्यावरची पिशवी उतरवून ठेवली आणि म्हणाले, "माझा मी कोणापासून लपवूक नाय. व्याह्यांक माझा पण सांग. येतंय."

पहाटेपासून ते चुलीशी होते. भाज्यांचं खतखतं, अळसांद्यांचं रस्सेदार तोणाक, मुगाच्या मुगागाठी, आणि गोडाला मणगणं. पंगत बसली आणि कुठूनतरी कुजबुज सुरू झाली. म्हापशाला ये-जा असलेल्या कुणीतरी त्यांना ओळखलं होतं. शेजारच्या दोन घरची माणसं अर्ध्या ताटावरून उठली. वामनमामांच्या हातातला डाव थबकला. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

त्यांनी डाव पुन्हा भरला आणि मोठ्याने विचारलं, "मणगण्यात गूळ बेताचो आसा मां? कोणतरी सांगा."

नवऱ्या मुलाची आई पहिल्या ओळीत होती. तिने वाटी पुढे केली. "परत वाडा. मगे सांगतंय."

ती अर्धी राहिलेली ताटं वहिनीने स्वतः उचलली. लग्न मोडलं नाही. उठून गेलेल्या दोन घरांपैकी एक आजही आमच्याशी बोलत नाही. दुसऱ्या घरची बाई महिन्याभराने मागच्या दाराने आली आणि आपल्या भावासाठी केंद्राचा पत्ता घेऊन गेली.

गेल्या वर्षी वामनमामांच्या हृदयाने त्रास द्यायला सुरुवात केली. चढण चढवेना. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि हळर्ण भागातली तीन घरं सांगितली. त्या घरच्या माणसांची परवानगी त्यांनी आधीच घेतली होती. मी म्हणाले, "माम, हळर्णला मला सगळे ओळखतात. सासर आहे तिथं."

"म्हणान तर तुका धाडतंय," ते म्हणाले. "उपाशी माणसाक तुझी लाज काय कामाची?"

त्यानंतर महिन्याभरात ते गेले. दुपारी जेवून पडले, ते उठलेच नाहीत.

दिवसकार्य झालं आणि मी हळर्णला गेले. सासरच्या दारावरूनच रस्ता होता. कुणीतरी पडवीत उभं होतं, मी थांबले नाही. पहिल्या घरात एक तरुण बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिची सासू दारातच म्हणाली, "उगीच कष्ट घेतलंस बाय. ती काय खाणा नाय. सगळ्यांनी सांगून झाला."

मी चपला काढल्या. म्हटलं, "मी सांगायला आले नाही. बसायला आले आहे."