आमच्यातली आणि भायेरची

निपाणीच्या सरकारी दवाखान्यात मी एचआयव्हीची समुपदेशक. विड्या वळणाऱ्या मुसलमान बायकांच्या गल्लीत मी कित्येक वर्षं बोलायला जात होते. बायका चहा द्यायच्या, माना हलवायच्या आणि निरोधचं नाव निघालं की तोंडाला पदर लावायच्या. तपासणीला मात्र कुणी फिरकायचं नाही.

मग बेळगावहून एक सहकारी बदलून आली. तिथल्या खडेबाजारात वाढलेली, मुसलमान, माझ्याहून लहान. तिनं मौलानांना भेटून मदरशातली खोली मिळवली. आजार लपवणं म्हणजे घरच्यांचा हक्क मारणं, हे ती त्यांच्या दखनी बोलीत समजावायची. बायका तिला नवऱ्याबद्दल काहीही विचारायच्या, खदखदून हसायच्या. मी मागं चपलांजवळ बसून ऐकायची आणि आतून जळायची. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेले.

मदरशातल्या बैठकीला येणारी एक पोटुशी पोर तपासणीला आली. सहकारी समोरच होती, तरी ती माझ्याकडे वळली. तपासणीत तिला एचआयव्ही निघाला. जरा सावरल्यावर मी विचारलं, नव्या मॅडमना बोलवू का?

"नको आक्का. ती आमच्यातली हाय, गल्लीत कळंल. तुमी भायेरच्या, तुमच्यापाशीच ऱ्हाईल."

पोर रडत होती, आणि मला कुठंतरी बरं वाटत होतं.

तिच्या गोळ्या सुरू झाल्या, गोव्यात कामाला असलेल्या नवऱ्याच्याही. पण घरात कळलंच. सासूनं तिचं ताट वेगळं केलं, माहेरी धाडायची भाषा सुरू केली. मी समजवायला गेले, तर म्हातारीनं दारातूनच परत पाठवलं. शेवटी पोरीला विचारून मी सहकारीला सांगितलं. ती गेली, सासूसमोर पोरीच्याच ताटात जेवली, संध्याकाळपर्यंत बोलत बसली. पोर घरातच राहिली.

बाळ जन्मलं, दीड वर्षाचं झाल्यावर त्याची शेवटची तपासणी झाली, त्याला लागण नव्हती. मीच ते सासू-सुनेला सांगितलं. सासूनं बाळ उचललं आणि थेट सहकारीच्या मांडीवर नेऊन ठेवलं. मला आनंद झाला, खरंच झाला. पण तिनं त्याच्या गालाला गाल लावला, तेव्हा माझ्याच्यानं तिकडं बघवेना.