देवाचं चेक-इन

आमचा दादा एका हॉटेलात रिसेप्शनवर होता. स्टेशनासमोरचं मध्यम प्रतीचं हॉटेल, काचेचं दार आणि काउंटरमागे दादा. दार ढकललं गेलं की त्याच्या तोंडून "नमस्कार, स्वागत आहे" आपोआप बाहेर पडायचं. मग आत पाहुणा आलेला असो, दूधवाला असो की नुसता वारा. आम्ही घरचे त्याला 'सुस्वागतम' म्हणायचो. त्याला राग यायचा नाही, कारण त्याचं लक्षच नसायचं. गोड बोलण्याचा सगळा साठा काउंटरवर संपवून तो घरी यायचा. वहिनीने काही विचारलं की उत्तर एकच, "हं." आई म्हणायची, "हा आपलं हसू गणवेशासोबत तिकडेच टांगून येतो."

घरची देवपूजा आईकडे होती. त्यात ती कोणाला वाटेकरी होऊ देत नसे. पण म्हातारपणी तिचे हात कापायला लागले, आणि एका सकाळी निरांजन हातातून निसटून पदराला लागलं. वहिनीने देवाच्या आंघोळीचं पाणी तांब्यासकट तिच्यावर ओतलं म्हणून बरं. आई ओलीचिंब, देव कोरडे आणि आमची सगळ्यांची बोबडी वळलेली.

"आई, उद्यापासून दिवा तुम्ही लावायचा नाही," वहिनी म्हणाली.

मग कोण लावणार? वहिनीची सकाळची शाळा, तिला मुलांना शिकवायला उजाडताच निघावं लागे. मी तेव्हा लग्नाआधीची, हाक मारल्याशिवाय न उठणारी. आईने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि दादावर थांबवली.

"मी? मला एक मंत्र येत नाही!"

"मंत्र मी म्हणीन. तू हात चालव. पाहुणचार तर करायचाय. तुझ्या रोजच्या कामातलाच."

दुसऱ्या दिवशी चहाला उकळी यायच्या आत दादाची पूजा झालीसुद्धा. आई देव्हाऱ्याशेजारी खुर्चीत बसली होती.

"झाली?"

"झाली."

"देवाला किल्ली देऊन वरच्या मजल्यावर पाठवलंस की काय?"

मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. दादा मात्र ओशाळला.

"उद्या सुरुवातीपासून करू," आई म्हणाली. "आधी आवाहन. देवाला या म्हणायचं."

"पण आई, देव इथेच तर असतो. देव्हारा सोडून गेलाय कुठे तो?"

"तो कुठे जातोय! तू गेलेला असतोस. हात इथे, डोकं हॉटेलात. आवाहन म्हणजे तू परत यायचं."

दादा डबा उचलून कामावर निघाला.

तेव्हापासून आमच्या घरी सकाळी शिकवणी भरायची. देवाला बसायला आसन, पाय धुवायला पाणी, मग आंघोळ. दादाने नळाचं गार पाणी घेतलं की आई अडवायची.

"या पाण्याने तू आंघोळ करशील?"

"देवाला थंडी वाजते?"

"त्याला कशाला वाजेल? पण पाणी कोमट आहे का बघायला तुला त्यात बोट घालावं लागतं. तेवढ्यापुरता तरी दुसऱ्याचा विचार होतो."

घंटा तो काउंटरवरच्या घंटीसारखी एकदाच टिणकन वाजवायचा. आई म्हणायची, "अरे, कोणाला सामान उचलायला बोलवत नाहीयेस. ती आपल्या डोक्यातली बडबड बंद करायला असते. बंद होईपर्यंत वाजव." त्यावर दादा म्हणाला, "मग शेजारी भांडायला येतील." ओवाळताना तो घाई करायचा. "चेहरा बघ," आई म्हणायची. "दिवा कशाला लावतात? समोरचा नीट दिसावा म्हणून. तू तर ज्योतीकडे बघतोयस."

नैवेद्याच्या दिवशी त्याने शेवटी विचारलंच, "खात तर नाही तो. मग दाखवायचा कशाला?"

"एकदा त्याच्यापुढे ठेवलं की ते आपलं राहत नाही. परत मिळतं ते त्याने दिलेलं. आणि दिलेल्यात खोड काढत नाहीत."

हे वहिनीने ऐकलं मात्र, दुसऱ्या दिवसापासून भाजी, पोळी, आमटी, सगळाच स्वयंपाक देवापुढे जायला लागला. भाजीत मीठ कमी म्हणायची दादाची सोय संपली!

दादा बदलला असं आम्हाला काही वाटलं नव्हतं. पाट्या टाकणं कमी झालं, एवढंच. मग एक दिवस हॉटेलात एक काकू आल्या. हातात पिशवी, केस विस्कटलेले. खोली हवी म्हणाल्या. "खोली दुपारी बारानंतर मिळेल," दादाने कॉम्प्युटरकडे बघतच सांगितलं. काकू "बरं" म्हणून वळल्या. दादाने मान वर केली, तेव्हा त्याला त्यांचे पाय दिसले. एका पायात चामडी चप्पल होती, दुसऱ्यात रबरी.

तो काउंटरमागून बाहेर आला. काकूंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "कुठून आलात?" लेक बाळंतपणाला जवळच्याच दवाखान्यात होती. जीव धोक्यात आहे असा फोन आला, आणि त्या सापडेल ती चप्पल घालून रात्रीच्या गाडीत बसल्या होत्या. दादाने एक रिकामी खोली उघडून दिली. बाथरूमचा नळ सोडून गरम पाणी येईपर्यंत स्वतः उभा राहिला. चहा पाठवला, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांच्या मापाच्या चपलाही आणवल्या.

मालकाला कळलं. "हे हॉटेल आहे की धर्मशाळा?"

"खोली रिकामी होती, साहेब. आणि बाई दमलेल्या होत्या."

"नियम तुम्हाला माहीत नाहीत?"

"माहीत आहेत. उद्या तशाच आल्या तर उद्याही देईन."

मालकाने त्याला रात्रपाळी लावली. शिक्षा म्हणूनच. पुढे बरेच दिवस दादा सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी घरी यायचा, आंघोळ करायचा आणि देव्हाऱ्यासमोर बसायचा. शिक्षा मिळाली त्याच दिवशी ही सगळी हकीकत त्याने आम्हाला जेवताना सांगितली, अगदी हातवारे करून. वहिनीचा घास हातातच राहिला. इतकी वाक्यं तिने त्याच्या तोंडून घरात कधी ऐकली नव्हती.

"आणि तिची लेक?" आईने विचारलं.

"सुखरूप आहे. मुलगी झाली."

"मग जेव आता," आई म्हणाली. शाबासकी तिने दिली नाही, पण स्वतःच्या ताटातली पोळी त्याच्या ताटात ठेवली.

पुढे आई अंथरुणाला खिळली. बाई ठेवू या, असं मी म्हणत होते, पण दादा ऐकेना. तोच तिचं अंग पुसायचा, केस विंचरायचा, घोट घोट पाणी पाजायचा. आई त्याला चिडवायची, "माझेही सोळा उपचार चाललेत की रे." तो म्हणायचा, "तू कटकट जास्त करतेस, देव बरा."

आई गेली तेव्हा सकाळ होती. दादा पूजेला बसला होता, देव ताम्हनात होते. वहिनीने आतून "अहो!" अशी हाक मारली आणि तो तसाच ओल्या हातांनी धावला. आईचा हात हातात घेऊन शेवटपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत बसला.

नंतर जमलेल्यांपैकी शेजारच्या मावशी हळहळल्या, "पूजा अर्धवट राहिली रे."

"नाही, मावशी," दादा म्हणाला. "राहिली नाही."

आता दादा निवृत्त झालाय, वहिनीचीही शाळा सुटलीय, आणि दोघं मिळून पूजा करतात. म्हणजे तो फुलं वाहतो, आणि ती वाकडी वाहिली म्हणून परत लावते. मग दोघांची जुंपते. परवा मी गेले तेव्हा पांढरं फूल कुठे शोभतं यावर वाद रंगला होता. दादा तावातावाने बोलत होता आणि वहिनी हसू दाबत ऐकत होती. मी गुपचूप स्वयंपाकघरात गेले आणि आमच्या तिघांचा चहा टाकला.