वाघ गुलाबी, साहेब हिरवे

रंगीत झेरॉक्स मशीनमध्ये वाया गेलेल्या टोनरचा एक डबा असतो. त्यात कोणी मुद्दाम काही टाकत नाही, तरी तो आपोआप भरतो. माझ्या डोक्याचं तसंच झालंय! गोंदिया जिल्ह्यात फिरून मी ही मशिनं दुरुस्त करतो. जाताना स्क्रू-ड्रायव्हर नेतो, येताना किस्से आणतो. डबा भरला की मशीन अडून बसतं, म्हणून मधूनमधून तुमच्यासमोर रिकामा करावा लागतो.

*

तिरोड्याच्या एका ऑफिसातून रहांगडाले बाबूंचा फोन. साहेबांची बदली झालेली, निरोपाच्या कार्डावर त्यांचा रंगीत फोटो.

"भाऊ, साहेबाचं तोंड हिरवं येऊन राहिलं!"

मी नेहमीसारखं विचारलं, "ओरिजिनल कसा आहे?"

फोनवरचा आवाज एकदम बारीक झाला. "लय भडकून आहे जी. केबिनमध्येच बसून राहिला!"

*

त्याच ऑफिसात पुढे प्रत्येक कॉपीवर उभी तपकिरी रेघ यायला लागली. मी पोचताच रहांगडाले बाबूंनी सुनावलं, "तुमचा टोनर डुप्लिकेट आहे!"

झाकण उघडलं. कागद ज्या बारीक काचेवरून सरकतो, तिच्यावर खर्ऱ्याचा कण चिकटलेला. चांगला घोटलेला, सुपारी-तंबाखूचा!

"इथं खर्रा कोण खातं?" मी विचारलं.

सगळा स्टाफ चिडीचूप. बिचाऱ्यांना खोटं बोलायचं नव्हतं असं नाही. तोंड उघडलं असतं तर सांडला असता!

*

नवेगाव बांधला तलावाकाठी मच्छीमारांच्या एका संस्थेचं ऑफिस आहे. तिथे सगळे रंग फिके आणि डागाळलेले येत होते. मशीन ठणठणीत होतं, कागदच दमट होता. सेक्रेटरी मेश्राम भाऊंना म्हटलं, "कागद जरा उन्हात वाळवत जा."

माणूस शब्दाचा पक्का. पुढच्या खेपेला गेलो तर प्रिंट एकदम झकास! अंगणात कागद वाळत होते. सुकवायला घातलेल्या मासळीच्या शेजारी, त्याच चटईवर!

ज्या ऑफिसात त्यांचे कागद जायचे, तिथल्या मोठ्या बाबूंचा गोंदियाहून फोन आला, "प्रस्ताव मिल गया, मेश्रामजी. अगला ई-मेल से भेजना!"

*

चिचगडच्या एका शाळेत बिसेन मॅडमनी 'वाघ वाचवा'ची पोस्टरं छापली आणि गावभर लावली. मग मला फोन. पिवळा टोनर संपला होता. वाघ गुलाबी, गवत निळं!

मी आणि मॅडम पोस्टरं काढत फिरत होतो. एक आजी डोक्यावरची टोपली सावरत थांबली. "हा गुलाबी काऊन जी?"

"आजी, पिवळा रंग संपला ना!"

आजीनं वाघाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "असं म्हणा नं! नवरदेव हाय. हळद लागाची रायली!"

*

आणि हा माझा सगळ्यात लाडका.

गोंदियातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात मशीन प्रत्येक कॉपीवर लाली चढवत होतं. मी ते उघडायच्या तयारीत, तेवढ्यात पटले काका आणि काकू आले. धानाची शेती सांभाळणारं साधं जोडपं. लग्नाचा वाढदिवस जवळ आलेला, पोरांनी मोठा कार्यक्रम ठेवलेला. फ्रेम करायला लग्नाचा एकुलता एक फोटो आणला होता. रंग इतका उडालेला, की काकूंचं लुगडं पांढुरकं पडलं होतं.

दुकानदारानं घाईत कॉपी काढून दिली. लुगडं लालभडक!

मी म्हटलं, "काका, थांबा. मशीनमध्ये फॉल्ट आहे. हा रंग चुकीचा आहे."

काकांनी कॉपी छातीशी धरली. डोळे भरून आले होते. "हात नको लावू बाबू मशीनले! असंच लाल होतं ते लुगडं. अजून माह्या डोळ्यासमोर हाय."

दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा गहिवरली. काकूंनी पिशवीतून चष्मा काढला, पदरानं पुसला, लावला. कॉपी नीट पाहिली.

"अजी, माह्यं लुगडं तं मोरपंखी होतं. हे लाल कोणाचं डोळ्यासमोर हाय?"

काका हळूच माझ्याजवळ सरकले, खांद्यावर हात ठेवला.

"बाबू, तू काय म्हणत होता? मशीनमधी फॉल्ट हाय ना? जरा जोरानं सांग!"