शेवंती विश्रांतवाडीला जाते

यातला शब्दन् शब्द खरा आहे, शपथेवर सांगतो. मला ओळखणारे आता हसतील, हसू द्या. फार तर एखादी गोष्ट मी पदरची घातली असेल. कुठली ते शेवटी सांगेन.

घाबरट कुत्री पाळणाऱ्यांकडे किस्से सोफ्याखालच्या केसांसारखे साचतात. आज झाडून काढले तरी उद्या तेवढेच. आमचा असा एक ग्रुप आहे. दर रविवारी सकाळी नदीपात्राजवळच्या मोकळ्या मैदानावर आम्ही आपापली कुत्री घेऊन जमतो आणि एकमेकांपासून शक्य तितक्या लांब उभे राहतो. गेट-टुगेदरच्या बरोबर उलट.

आमची शेवंती मार्केट यार्डातली. फुलांच्या गाळ्यामागे, टाकून दिलेल्या शेवंतीच्या ढिगात दडलेली सापडली, म्हणून शेवंती. तिथल्या कुत्र्यांच्या टोळीने तिला फाडली होती. अंगावरचं भरून आलं, पण तेव्हापासून कुत्रं दिसलं की ही जमिनीला चिकटते आणि थरथरते. चित्रातलंसुद्धा चालत नाही. तिच्या खाण्याच्या पाकिटावर कुत्र्याचा फोटो आहे, म्हणून आम्ही ते वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतो.

शेवंती खरं तर सुलभाची, म्हणजे माझ्या बायकोची. मी त्या घरात राहतो हे तिने मान्य केलंय, इतकंच. सुलभा एकदा भावाकडे मुक्कामाला गेली, तर हिने दार खरवडून पंजे रक्तबंबाळ केले. हिला सोबत न्यावं, तर तिथे राजा. राजा म्हणजे म्हातारा, जाडा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला लॅब्रेडॉर. पण कुत्राच ना.

झालं. सुलभाचं विश्रांतवाडीला जाणं बंद पडलं. आईवडील गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे तिथलं नंदूचं, तिच्या भावाचं घर. मी म्हटलं, "अगं, नंदू येतो की इकडे."

ती म्हणाली, "तो आला की मी चहा करते. मी गेले की मला चहा मिळतो."

मी तांबोळी मॅडमना फोन लावला.

* * *

शबाना तांबोळी कुत्र्यांच्या वागणुकीच्या तज्ज्ञ. बिहेवियरिस्ट म्हणतात. घराण्याची चौथी पिढी पुण्यात, त्यामुळे बोलणं अस्सल इथलं. कमी, आणि लागेल असं.

त्या नारायण पेठेत आमच्या घरी आल्या, चटईवर बसल्या आणि शेवंतीकडे ढुंकूनही न बघता माझं ऐकत राहिल्या. मी तिचा सगळा इतिहास सांगितला, थोडा वाढवूनच. मग म्हणाल्या, "चला, जरा खाली फिरून येऊ."

कोपऱ्यावर गेलो तर लांब, पानाच्या टपरीपाशी एक कुत्रं उठून आळस देत होतं. मी दोरी हाताला गुंडाळली. शेवंती लगेच जमिनीवर.

"बघा," मी म्हणालो.

"बघितलं. तिने ते कुत्रं अजून पाहिलेलंच नाही. तुम्ही पाहिलंत. दोरी ताणलीत, म्हणून ती घाबरली."

"म्हणजे पेशंट मी?"

"दोघं. तिला लवकर फरक पडेल असं वाटतंय."

* * *

रविवारचा तो ग्रुप मॅडमचाच. त्यात कोकाटे आहेत. त्यांचं गाव महापालिकेत आलं आणि शेत बिल्डरकडे गेलं. बांधकाम संपल्यावर साइटवरचा राखणीचा कुत्रा लोक तिथेच सोडून गेले, तो यांनी घरी आणला. नाव टायगर. वासराएवढा आहे, आणि चिवावा जातीचं एवढंसं कुत्रं दिसलं की कोकाट्यांच्या धोतरामागे लपतो.

पहिल्या रविवारी कोकाटे मॅडमना म्हणाले, "बाई, ह्याला डेरिंगचं काय औषध हाय का?"

"नाही. धीर धरावा लागेल."

"त्यो धरंल ओ. त्याला काय काम हाय दुसरं?"

"मी तुमच्याबद्दल बोलतेय."

मॅडमची पद्धत साधी. दुसरं कुत्रं इतकं लांब ठेवायचं, की आपलं कुत्रं बघेल पण घाबरणार नाही. ते बघितलं, की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. मग हळूहळू अंतर कमी करायचं. घाई केली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी शेवंतीला निवांत वाटावं म्हणून मी मागे सरकत राहिलो, सरकत राहिलो. मॅडमचा फोन आला, "काका, मैदान मागेच संपलंय. तुम्ही दुसऱ्याच क्लासमध्ये आहात."

मागे वळून बघितलं. खरंच, मी झुंबाच्या बायकांमध्ये उभा होतो.

* * *

मॅडमनी एक गोष्ट अशी शिकवली, की ती शाळेत शिकवायला हवी. समोरचं कुत्रं अंगावर आलं तर डोळ्याला डोळा भिडवू नका. अंग वळवा, नजर दुसरीकडे न्या, सावकाश जांभई द्या. कुत्र्यांमध्ये याचा अर्थ होतो, मला भांडायचं नाही.

त्याच आठवड्यात सोसायटीची मीटिंग होती. लिफ्टमध्ये कुत्रं नेण्यावरून चेअरमन माझ्यावर जे सुटले, ते थांबेचनात. मी अंग वळवलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि जांभई दिली. चेअरमन अडखळले. मग त्यांनाही जांभई आली. मग सेक्रेटरींना. खजिनदार तर घरीच गेले. विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला गेला.

घरी येऊन मी हे रंगवून सांगितलं. सुलभा म्हणाली, "तुमच्या बोलण्यापेक्षा जांभई बरी."

* * *

मग मॅडम म्हणाल्या, आधी वासाची ओळख होऊ दे. राजा ज्याच्यावर झोपतो असं एखादं कापड आणा, ते शेवंतीच्या खाण्याजवळ ठेवा.

नंदूने पिशवीतून एक कापड पाठवलं. फिक्या पिवळ्या रंगाचं, कडेला हिरवी नक्षी. त्यांच्या आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा. जुनं घर सोडताना नंदूने भांडी वाटली, कपाटं विकली, आणि पडदा का कोण जाणे बरोबर नेला. पुढे तो राजाकडे गेला.

सुलभाने तो उलगडला आणि शेवंतीच्या ताटलीजवळ अंथरला. शेवंती लांबून बघत राहिली. मी म्हटलं, थांबू या, येईल. मग मी पेपर वाचत बसलो.

थोड्या वेळाने आत डोकावलं. शेवंती जागची हलली नव्हती. सुलभा ताटलीशेजारी फरशीवर बसली होती आणि पडद्यात तिचं तोंड होतं.

"काय गं?"

"काही नाही. राजाचा वास येतोय."

"मग?"

"त्याच्याखाली अजून थोडा फोडणीचा येतोय."

त्या पडद्याला कुत्र्याशिवाय कसलाही वास येत नव्हता. मी हुंगून बघितला. पण ती म्हणाली, येतोय, म्हणून मीही म्हणालो, येतोय.

* * *

एका रविवारी सुलभा मैदानावर सगळ्यांना राजाबद्दल सांगत होती. कोकाट्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ मनाने म्हणाले, "वैनी, कुत्रं म्हातारं झालंय ना? मग वाईच दम धरा की. वरीस-दीड वरीस. वाट आपसूक मोकळी हुती."

सगळे आपापल्या कुत्र्याकडे बघू लागले. टायगरसुद्धा खाली बसला.

सुलभा म्हणाली, "कोकाटे, तो एवढासा होता तेव्हा त्याला मी बाटलीने दूध पाजलंय. तो नसेल त्या घरी जायची वाट बघत बसू?"

कोकाट्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "चुकलं," म्हणाले. पुढच्या रविवारी गाजरांची पिशवी घेऊन आले. मी हात पुढे केला तर म्हणाले, "तुमाला न्हाई. राजाला धाडा."

* * *

आणि आता विश्रांतवाडी.

मॅडम म्हणाल्या, वेळ झाली. रस्त्याच्या एका बाजूने शेवंती, दुसऱ्या बाजूने राजा, एकाच दिशेने चालायचं. जवळ जायची घाई करायची नाही, तिला वाटेल तेव्हा ती जाईल.

रिक्षावाल्याने विचारलं, "चावतं का?"

"नाही हो. ही कुत्र्यांना घाबरते."

त्याने आरशातून शेवंतीकडे नीट बघितलं. "मग ही कोण आहे?"

शनिवारची सकाळ. नंदूच्या घरापुढचा रस्ता चांगला रुंद आहे. पलीकडच्या फूटपाथवर राजाला घेऊन नंदू, अलीकडे शेवंतीला घेऊन सुलभा, मागे चिकनचा डबा घेऊन मी. राजा नंदूशिवाय कुणाबरोबर चालत नाही, शेवंती सुलभाशिवाय. ओरडून बोललं की शेवंती दचकायची. म्हणून सुलभाने फोन लावला. दोघं भाऊबहीण रस्त्याच्या दोन बाजूंनी, कानाला फोन लावून, एकमेकांकडे बघत चालू लागली.

"काय केलंय आज?"

"अळूची भाजी."

"वहिनीने की तू?"

"मी. तू येणार म्हणून."

"शेंगदाणे घातलेस?"

"तुला मोजून देऊ का?"

सुलभा हसली. तिकडे नंदू हसला. ते हसणं फोनमधून आलं, आणि रस्त्यावरूनही आलं.

वरच्या गॅलरीतून एक आजी बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. "काय हो, प्रॉपर्टीचा वाद का?"

"नाही हो आजी," मी म्हणालो, "कुत्र्यांचा."

"मग नाही मिटायचा."

असे बरेच शनिवार झाले. आणि मग एका शनिवारी शेवंती थांबली. नाक वर केलं. एकेक पाऊल टाकत रस्ता ओलांडून गेली आणि राजाच्या शेजारी, पोट जमिनीला न टेकवता, उभी राहिली. राजाने तिला जागा करून दिली. मग चौघं फाटकातून आत गेली. सुलभा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि दुपार होईपर्यंत तिने एकाही भांड्याला हात लावला नाही.

हा वरचा परिच्छेद मी रचलाय. यातलं खोटं तेवढंच.

शेवंती अजून रस्त्याच्या अलीकडेच आहे. आता थरथरत नाही, उभी राहून राजाकडे बघते, एवढं खरं. राजा हल्ली निम्म्या वाटेत फूटपाथवरच बसतो, मग नंदूही बसतो. गेल्या शनिवारी नंदूने घरातली एक खुर्ची आणून आमच्या बाजूच्या फूटपाथवर ठेवली, झाडाखाली. वहिनी चहाचा ट्रे घेऊन रस्ता ओलांडून आल्या. सुलभा पाय वर घेऊन बसली. नंदू परत पलीकडे गेला, राजाजवळ टेकला आणि त्याने फोन लावला.

उद्या शनिवार. सुलभाने आत्ताच तिचा फोन चार्जिंगला लावलाय.